हिरवा माणूस बारा सेकंद: आईने रस्ता ओलांडायचा कसा?

सागरवेळ | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार. खूप दिवसांनी धागा काढतेय, आणि थोडा लांबणार आहे.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, तालुक्याचं. मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे जुना सतरा नंबर आणि आताचा सहासष्ट, गावाच्या मधोमध जातो. एका अंगाला एसटी स्टँड, बाजार, बँक, कोर्ट. दुसऱ्या अंगाला दवाखाना, हायस्कूल आणि आमची वाडी. रस्ता दुपदरी होता तेव्हा आई एका दमात पलीकडे जायची. मग चौपदरीकरण झालं, चौकात सिग्नल बसला, आणि त्यात पायी जाणाऱ्यांसाठी हिरवा माणूसही आला. तो पहिल्यांदा पेटला त्या दिवशी मला खरंच आनंद झाला होता.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. गेल्या वर्षी डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. परवा तिला व्यायामासाठी दवाखान्यात नेत होते. हिरवा लागल्याबरोबर निघालो, तरी दुभाजकापाशी पोचतो न पोचतो तोच माणूस लाल झाला. दुभाजकावर उभं राहायला वीतभर जागा, तिथेही एक लोखंडी पाटी रोवलेली. दोन्ही बाजूंनी गाड्या सुटल्या. चिऱ्याने भरलेला डंपर इतक्या जवळून गेला की आईचा पदर उडाला. तिने माझा दंड असा धरला होता की तिच्या बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत गेले नाहीत. घरी आल्यावर म्हणाली, "मी आता पलीकडे येणार नाही. डॉक्टरांना सांग."

काल मी चौकात जाऊन मोजलं. हिरवा माणूस बारा सेकंद. भावाने पहाटे गाड्या नसताना फीत धरली, रस्ता कडेपासून कडेपर्यंत साडेअठरा मीटर भरला. मग घरी खळ्यात तेवढंच अंतर आखून आईला चालायला सांगितलं. न थांबता, काठी टेकत, तिला एकतीस सेकंद लागले.

हे बारा सेकंद कोण ठरवतं? कशावरून? आणि वाढवून मागायचे तर कुणाकडे जायचं? जाणकारांनी कृपया लिहा.

पन्हळी | सोमवार, रात्री ९:३२

ताई, आईंना आधी सांगा की यात त्यांची काही चूक नाही. माझी सासू अशीच एकदा रस्त्यात अडकली आणि तेव्हापासून घराबाहेर पडायलाच घाबरते. बाजार बंद, देऊळ बंद, मैत्रिणीही सुटल्या.

देवगडी | सोमवार, रात्री १०:०५

ताई, वाचून जीव वरखाली झालो. आमच्याकडेय तीच गत. माका एक सांगा, मासळी घेवन येणाऱ्या बायकांनी काय करूचा? डोक्यार पाटी, ती घेवन धावूक जमना नाय. आणि दिवो लावलेलो खांबार उंच. मान वर करून बघूक गेल्यार पाटी खाली पडतली. मगे त्यो गाड्यांच्या आवाजावर अंदाज बांधतत आणि जातत. ह्येचो कोणी इचार केलो हा काय?

निवृत्त_अभियंता | मंगळवार, सकाळी ७:२०

सागरवेळताई, मी रस्ते आणि सिग्नलच्या कामात आयुष्य काढलं, बहुतेक नोकरी ठाणे-पनवेल पट्ट्यात झाली. उत्तर जरा सविस्तर देतो, कारण तुम्ही फीत लावून मोजलंत. एवढं करणारे नागरिक मला नोकरीत फार थोडे भेटले.

आधी एक विचारतो. तुमच्या बारा सेकंदांत लुकलुकणारा हिरवा धरला आहे का? बऱ्याच सिग्नलला हिरव्याचे दोन भाग असतात. स्थिर हिरवा म्हणजे "निघा". लुकलुकायला लागला म्हणजे "जे रस्त्यात आहेत त्यांनी पुरं करा, नव्याने कुणी उतरू नका". लोकांना वाटतं लुकलुकला की धावायचं. तसं नाही. खरं तर रस्ता पार करायला लागणारा सगळा वेळ त्या दुसऱ्या भागातच बसला पाहिजे. शेवटच्या क्षणी पाऊल टाकणारा माणूससुद्धा लाल होण्याआधी पलीकडे पोचला पाहिजे.

आता वेग. हिशेबात माणसाचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरायचा जुना प्रघात आहे. तुमचे साडेअठरा मीटर भागिले १.२, म्हणजे साडेपंधरा सेकंद. याचा अर्थ तुमचे बारा सेकंद धडधाकट तरुणालाही पुरत नाहीत. अमेरिकेने २००९ च्या नियमावलीत हा वेग सेकंदाला चार फुटांवरून साडेतीन फुटांवर, म्हणजे साधारण १.०७ मीटरवर आणला. तिकडे म्हाताऱ्या माणसांची संख्या वाढतेय आणि जुन्या आकड्यात ती बसत नाहीत, हे त्यांनी मान्य केलं. तुमच्या आईंचा वेग ०.६ येतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, काठी टेकत चालणाऱ्या माणसाचा वेग एवढा असू शकतो, त्यात काही वावगं नाही.

मग बारा आले कुठून? कागद न बघता खात्रीने सांगता येणार नाही, पण मी असे हिशेब पुष्कळ तपासलेत. अर्धा रस्ता, म्हणजे दुभाजकापर्यंत, साडेआठ मीटर धरा. त्याला सात सेकंद लागतात. वर निघायला पाचेक सेकंद. झाले बारा. बहुधा आराखडा दोन टप्प्यांचा असावा: एका हिरव्यात दुभाजकापर्यंत या, थांबा, पुढच्या हिरव्यात उरलेला रस्ता. ही पद्धत चुकीची नाही. पण त्यासाठी दुभाजकावर माणसाला उभं राहायला नीट जागा करावी लागते, तिथे दुसरा दिवा लावावा लागतो. इथे वेळ अर्ध्या रस्त्याचा दिला आणि आसरा केलाच नाही.

देवगडी, तुमचा मुद्दा लाखमोलाचा आहे. डोक्यावर ओझं असलेल्या बाईचा विचार मी नोकरीत असताना एकाही बैठकीत ऐकला नाही, आणि मीही कधी मांडला नाही, याचं आज वाईट वाटतं. उपाय आहे. ब्रिटनमध्ये पफिन नावाचा प्रकार आहे. त्यात लाल-हिरवा माणूस पलीकडच्या खांबावर नसतो. आपण उभे असतो त्याच बाजूला, बटणाच्या पेटीवर असतो. नजर खाली ठेवून, येणाऱ्या गाड्यांकडे बघता बघता दिसतो. शिवाय रस्त्यात अजून माणूस आहे का हे सेन्सर बघतो आणि असेल तर गाड्यांचा लाल लांबवतो.

उरलेलं संध्याकाळी लिहितो.

सागरवेळ | मंगळवार, सकाळी ८:०२

काका, लुकलुकणारा धरूनच बारा. स्थिर आठ, लुकलुकणारा चार. तुमचा अर्ध्या रस्त्याचा हिशेब वाचून अंगावर काटा आला.

घाटावरून_खाली | मंगळवार, दुपारी १:१५

मी दर महिन्याला मुंबई-सावंतवाडी गाडीने करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. कुणाच्या आईला त्रास व्हावा असं मला वाटत नाही. पण हा महामार्ग आहे. २०११ पासून याचं रुंदीकरण चाललंय, लोकांनी किती वर्षं खड्डे खाल्ले ते सगळ्यांना माहीत आहे. आता कुठे सलग जाता येतंय, आणि प्रत्येक गावात सिग्नल लावून त्यावर तीस-तीस सेकंद वाढवले तर पुन्हा तेच. गणपतीत अवजड वाहनांना बंदी असते तरी रांगा किती लागतात ते बघा. त्यापेक्षा पादचारी पूल किंवा भुयारी मार्ग करा. गाड्या वरून, माणसं खालून, कुणालाच थांबायला नको.

लालपरी_चालक | मंगळवार, दुपारी ४:४०

मी एसटीत चालक आहे. ड्युटीवरून आत्ताच सुटलो, आधी माझं ऐका.

भरलेली गाडी ताशी पन्नासने येत असेल तर सेकंदाला चौदा मीटर जाते. पुढे पिवळा दिसला, डोक्यात शिरला, पाय ब्रेकवर गेला, एवढ्यातच वीस मीटर संपतात. मग गाडी थांबेपर्यंत आणखी. पावसात रस्त्यावर डिझेल आणि लाल माती मिसळलेली असते, तेव्हा तर विचारू नका. आपल्याकडे नाका बहुतेक वेळा उताराच्या पायथ्याशी नाहीतर वळणाच्या तोंडाशी असतो. वळण संपतं आणि समोर सिग्नल. आम्हाला तो आधी दिसतच नाही. माझं म्हणणं, सिग्नल लावा, सेकंदही वाढवा, पण शंभर-दीडशे मीटर अलीकडे लुकलुकणारा पिवळा दिवा आणि मोठी पाटी द्या. आम्ही थांबायला तयार आहोत, आधी कळलं पाहिजे.

घाटावरून_खाली साहेब, माझ्या गाडीतून उतरणारी माणसं हीच आहेत. स्टँडवर त्यांना उतरवतो आणि मग आरशात बघतो ती रस्ता कशी ओलांडतायत. तीस सेकंदांनी माझी फेरी चुकत नाही.

पन्हळी | मंगळवार, संध्याकाळी ५:०५

पुलाबद्दल. गाड्यांच्या वरून पूल न्यायचा तर तो पाच-सहा मीटर उंच हवा. म्हणजे पस्तीस-चाळीस पायऱ्या चढायच्या आणि तितक्याच उतरायच्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने? आणि पाटी घेतलेल्या बाईने? भुयारी मार्गात जुलैमध्ये पाणी साठतं आणि संध्याकाळनंतर मुली तिथे पाय ठेवत नाहीत.

निवृत्त_अभियंता | मंगळवार, रात्री ८:५०

घाटावरून_खाली यांनी सरळपणे मुद्दा मांडला, त्याचं उत्तरही सरळ देतो. जिथे वाहतूक गावाच्या बाहेरून नेता येते किंवा उड्डाणपुलावरून नेता येते तिथे तसंच करावं. कणकवलीत शहरातून उन्नत रस्ता नेला आहे. पण तिथेही खाली सेवा रस्ता उरतो आणि तो माणसांना ओलांडावाच लागतो. ज्या गावात महामार्ग जमिनीवरूनच जातो, तिथे तो गावातला रस्ताही आहेच.

दुसरं, गाड्यांच्या वेळेचा हिशेब. चौकाचा पूर्ण फेरा १२० सेकंदांचा असेल आणि माणसांचा टप्पा बारावरून चोवीसवर नेला, तर गाड्यांचे बारा सेकंद जातात. पण बटण असेल तर हा टप्पा कुणी बटण दाबल्याशिवाय येतच नाही. रात्री अकरानंतर दोन-चार वेळाच येईल. ब्रिटनने १९६९ मध्ये पेलिकन नावाने असे बटणाचे सिग्नल आणले. यात नवं किंवा अवघड तंत्र काही नाही. एकच पथ्य पाळायचं: बटण दाबल्यावर फार थांबवायचं नाही. अर्ध्या मिनिटाच्या वर थांबावं लागलं की माणूस अधीर होतो आणि लालमध्ये उतरतो, हे आमच्या शास्त्रात गृहीतच धरतात. दीड मिनिट उभं करायचं आणि मग "लोक नियम पाळत नाहीत" म्हणायचं, हे मला कधीच पटलं नाही.

आता तो नियम सांगतो ज्यावरून ओलांडण्याची सोय द्यायची की नाही हे ठरतं. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, तिचा पादचारी सोयींवरचा मार्गदर्शक ग्रंथ आहे, क्रमांक १०३. त्यात एक सूत्र आहे: गर्दीच्या तासात ओलांडणाऱ्या माणसांची संख्या गुणिले गाड्यांच्या संख्येचा वर्ग. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा गुणाकार दहा कोटींच्या वर आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर वीस कोटींच्या वर गेला की सोय द्यावी. समजा तासाला ३०० माणसं आणि १,००० गाड्या. गुणाकार तीस कोटी. सोय मिळते. पण रस्ता इतका भीतीदायक झाला की म्हातारी माणसं घरात बसली, शाळेची पोरं रिक्षाने जायला लागली आणि माणसं शंभरच उरली, तर गुणाकार दहा कोटी. सोय नाही! जितकी भीती जास्त तितकी मोजणी कमी. तुमच्या आईंनी "मी येणार नाही" म्हटलं, त्या क्षणी त्या मोजणीतून गेल्या. म्हणून मोजणी करताना न येणाऱ्यांचंही लिहून घ्या: वाडीत किती घरं, त्यात साठीच्या वरची किती, त्यांतल्या किती जणांनी पलीकडे जाणं सोडलं.

त्याच ग्रंथात आणखीही निकष आहेत. गाड्यांचा वेग ताशी ६५ किलोमीटरच्या वर असेल, किंवा वर्षभरात पादचाऱ्यांना इजा झाल्याचे पाच किंवा जास्त अपघात नोंदले असतील, तरीही सोय देता येते.

पांढरी_काठी | मंगळवार, रात्री ११:३०

मी पूर्ण अंध आहे. फोन वाचून दाखवतो, मी बोलून लिहितो. चुका सांभाळून घ्या.

मी रस्ता कसा ओलांडतो ते सांगतो. मला दिवा नाही. मी ऐकतो. माझ्या बाजूने, माझ्याच दिशेने जाणाऱ्या गाड्या सुटल्या की समजतो, आडव्या गाड्या थांबल्या. पण आता विजेच्या स्कूटर आल्या, त्या अंगावर येईपर्यंत कळत नाहीत. आणि आपल्याकडे चार महिने पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. छत्रीवर, टपऱ्यांच्या पत्र्यावर, रस्त्यावर त्याचा असा गजर असतो की चौक माझ्यासाठी नाहीसा होतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी एकट्याने तो रस्ता ओलांडत नाही. कुणीतरी हात देईल म्हणून उभा राहतो. बहुतेक वेळा देतात. एकदा पाऊण तास उभा होतो.

बीप वाजणारे सिग्नल काही शहरांत असतात. ते हवेतच, पण आमच्या पावसात तेवढ्यावर भागणार नाही. ब्रिटनमध्ये बटणाच्या पेटीखाली बोटाएवढा धातूचा शंकू असतो. हिरवा लागला की तो फिरतो. हाताला कळतं. ना आवाज लागतो, ना उजेड. माझ्या एका मित्राने तो हाताळलाय. तो ऐकूही शकत नाही आणि पाहूही शकत नाही. म्हणाला, पहिल्यांदा कुणाचा हात न धरता मला कळलं की आता माझी पाळी आहे.

दुसरं, जमिनीवरच्या उठावाच्या फरश्या. सेइइची मियाके या जपानी माणसाने त्या १९६५ मध्ये तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसल्या. उभ्या पट्ट्या म्हणजे चालत राहा, गोल बुंदके म्हणजे थांब. आमच्याकडे पिवळ्या रंगाच्या म्हणून त्या शोभेला बसवतात. एका ठिकाणी त्या मला थेट विजेच्या खांबावर घेऊन गेल्या. कपाळावर टाके पडले.

ताई, तुमच्या अर्जात हे दोन्ही घाला. माझी सही घ्या.

सागरवेळ | बुधवार, सकाळी ६:४५

दादा, तुमची सही पहिली असेल.

चाकावरचा_कोकणी | बुधवार, सकाळी ९:२०

सायकलवाल्यांचंही थोडं. मी रेवसपासून रेडीपर्यंत सागरी मार्गाने दोनदा गेलोय. दिघीला आणि दाभोळला सायकल जेट्टीवरून फेरीबोटीत चढवून. किनाऱ्याचा रस्ता लहान, गाड्या कमी, तिथे भीती वाटत नाही. भीती वाटते ती महामार्ग आडवा ओलांडताना.

पिवळा दिवा गाडीच्या वेगावर ठरतो, सायकलच्या नाही. हिशेब करा. चौक या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस मीटर. सायकल ताशी पंधराने, म्हणजे सेकंदाला चार मीटरच्या जरा वर. पार व्हायला सात सेकंद. मी हिरव्याच्या शेवटच्या क्षणाला शिरलो, नियमाने शिरलो, तर तीन सेकंद पिवळा आणि वर एक-दोन सेकंद सगळीकडे लाल, एवढ्यात मी चौकाच्या मध्यावरच असतो. आणि आडव्या गाड्या सुटतात. मी नियम मोडलेला नसतो. आणि हे सपाट रस्त्याचं झालं. आपल्याकडे गावातला रस्ता चढून महामार्गाला मिळतो. चढावर उभ्याने सायकल काढायची, मागे कॅरियरवर दप्तर, तर पहिली चार सेकंदं तोल सावरण्यातच जातात. शाळेत जाणारी पोरं हे रोज करतात.

अर्जात म्हणून तीन मागण्या घाला. सगळीकडे लाल असण्याचा वेळ वाढवा. गाड्यांची थांबरेषा मागे घेऊन पुढे सायकलींना जागा द्या, म्हणजे त्या ट्रकच्या तोंडासमोर दिसतील, चाकाच्या बाजूला लपणार नाहीत. आणि दुभाजकावरचा आसरा रुंद करा. सायकल पावणेदोन मीटर लांब असते. मीटरभराच्या दुभाजकावर थांबलो तर पुढचं चाक एका बाजूच्या रस्त्यात आणि मागचं दुसऱ्या.

रस्त्यावर रंगवलेल्या पट्ट्यांचंही सांगतो. जाड प्लास्टिकच्या रंगाच्या पट्ट्या पावसात साबणासारख्या होतात. मी त्यावर पडलोय, कोपराचं हाड मोडलं. वाळू किंवा काचमणी घालून खरखरीत करतात तशा करायला सांगा.

उत्रेख्तचा_गुहागरी | बुधवार, दुपारी २:५०

मूळ गाव गुहागर, गेली अकरा वर्षं नेदरलँड्समध्ये. इथल्या गोष्टी तिथे जशाच्या तशा होणार नाहीत हे माहीत आहे, तरी लिहितो.

इथे सायकलींना स्वतःचा दिवा असतो, लहान, डोळ्यांच्या उंचीवर. बऱ्याच ठिकाणी त्याच्याभोवती पांढऱ्या ठिपक्यांचं कडं असतं. एकेक ठिपका विझत जातो आणि कळतं किती थांबायचंय. मग लोक थांबतात. खरोनिंगेन शहरात कितीतरी चौकांत सगळ्या दिशांच्या सायकलींना एकदमच हिरवा देतात, गाड्या सगळ्या बाजूंनी लाल. सायकली एकमेकांना चुकवत चहूकडून निघतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गुहागरच्या देवळातून आरती सुटल्यावर माणसं बाहेर पडतात तसं वाटलं. आणि पांढरी_काठी यांनी पावसाचं लिहिलं म्हणून हे आवर्जून सांगतो: खरोनिंगेन आणि रॉटरडॅममध्ये काही सिग्नलना पावसाचा सेन्सर आहे. पाऊस लागला की सायकलींना हिरवा लवकर मिळतो, कारण भिजणारा तो आहे. हे आपल्या कोकणात सुचायला हवं होतं.

हा देश पूर्वी असा नव्हता. १९७१ मध्ये इथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, "बालहत्या थांबवा" असंच आंदोलनाचं नाव होतं. हे रस्ते त्यानंतर झाले.

घाटावरून_खाली | बुधवार, रात्री ९:४०

सगळं वाचलं. काल मी "माणसं खालून" असं लिहिलं. नीट विचार केल्यावर वाटतं की थांबण्याचा सगळा भार मी चालणाऱ्यावर टाकत होतो. माझे वडीलही सत्तरीचे आहेत, पण ते मुलुंडला राहतात आणि लिफ्टने खाली उतरून बागेत जातात, म्हणून माझ्या डोक्यात हे आलं नाही. बटणाच्या सिग्नलला माझा पाठिंबा आहे. वळणाआधी पिवळा दिवा हवा हे चालकदादांचं म्हणणंही अर्जात यावं.

एक विचारतो, सगळ्यांचाच वेळ वाढवण्याऐवजी ज्यांना गरज आहे त्यांनाच जास्त वेळ देता येतो का?

निवृत्त_अभियंता | गुरुवार, सकाळी ७:०५

येतो. सिंगापूरने २००९ पासून हे सुरू केलं. ज्येष्ठ आणि अपंग नागरिक आपलं सवलतीचं कार्ड खांबावरच्या यंत्राला टेकवतात, आणि त्या वेळेपुरता हिरवा माणूस रस्त्याच्या रुंदीनुसार तीन ते तेरा सेकंद जास्त थांबतो. एसटीत ज्येष्ठांना सवलतीचं कार्ड असतंच. पण आत्ता त्याच्या मागे लागू नका. आधी मूळ हिशेब दुरुस्त करून घ्या.

कुणाकडे जायचं ते आता. खांब एका खात्याने उभा केलेला असतो, वेळा दुसरं खातं ठरवतं आणि विजेचं बिल तिसरं भरतं. म्हणून एकाकडे गेलात की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. अर्ज एकच लिहा आणि तिघांनाही एकाच दिवशी आवक क्रमांक घेऊन द्या, प्रत्येक प्रतीवर बाकी दोघांची नावं घाला. माहितीच्या अधिकारात त्या चौकाचा सिग्नल आराखडा मागा: फेरा किती सेकंदांचा, पादचारी टप्पा किती, ओलांडण्याची लांबी किती मीटर धरली. लांबी साडेआठ लिहिलेली निघाली तर पुढे वाद उरणारच नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे, आणि पदपथ अपंगांना वापरता येतील असे असावेत असंही म्हटलं आहे. तेही लिहा.

आकडा हवा असेल तर केंद्र सरकारच्याच अहवालातला घ्या. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत पायी चालणारी ३२,८२५ आणि सायकलवरची ४,८३६.

शेवटची एक तांत्रिक गोष्ट. तुमच्या चौकात डावीकडे वळायला सिग्नल नसेल, तर हिरवा माणूस असतानाही डावीकडून गाड्या येत राहतील. माणसांना गाड्यांच्या तीन ते सात सेकंद आधी हिरवा द्यायची पद्धत आहे. माणूस आधीच रस्त्यात उतरलेला असला की वळणाऱ्याला तो दिसतो. खर्च काही नाही, फक्त पेटीत वेळ बदलायची.

देवगडी | गुरुवार, सकाळी ८:३०

काकांनू, वाचनखूण साठवलंय. आमच्या नाक्यासाठीय ह्योच अर्ज लिवतलंव.

मधली_सुट्टी | गुरुवार, दुपारी १२:१०

मी हायस्कूलवर शिकवते. दादरला २०२० मध्ये सिग्नलवर बाईची आकृती लावली तेव्हा मुलींनी वर्गात फोटो दाखवून विचारलं होतं, "बाई, आपल्याकडे कधी?" मी म्हटलं, आपल्याकडे आधी सिग्नल येऊ दे. मोजणीला आठवी-नववीची मुलं आणू शकते, रस्त्यापासून लांब, स्टँडच्या ओट्यावर बसवून. मोजणं हे गणितातच येतं. पालकांची परवानगी मी घेते.

सागरवेळ | शुक्रवार, रात्री ९:२५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आणि आज बरंच झालं.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज दिला. एका कार्यालयातल्या माणसाने तो वाचला आणि स्वतःहून म्हणाला, बाई, दुभाजकावरची ती पाटी माझ्याही डोळ्यांत खुपते, ती तरी मी पुढच्या आठवड्यात काढायला लावतो. वाडीत भावाने घरोघर विचारलं. एकेचाळीस घरं, त्यांत साठीच्या वरची त्रेपन्न माणसं. सिग्नल झाल्यापासून पलीकडे एकट्याने जाणं सोडलेली सतरा. यादी केली आहे. आईचं नाव त्यात लिहिताना तिने थांबवलं. म्हणाली, "सोडलं असं लिहू नकोस. सध्या जात नाही असं लिही." तसं लिहिलं.

मोजणी सोमवारी सकाळी साडेनऊ ते साडेदहा, कारण तेव्हा शाळा, बँक, दवाखाना आणि कोर्ट एकदम भरतं. बाजाराचा दिवस म्हणून गुरुवारी पुन्हा एकदा. चौघं माणसं मोजायला, चौघं गाड्या मोजायला, एक जण सेकंद लिहायला. निवृत्त_अभियंता काका, तुम्ही फोनवर असाल ना? आणि पांढरी_काठी दादा, तुम्ही आलात तर तुम्हाला ओलांडायला लागणारा वेळ आम्ही वेगळा लिहू. स्टँडवरून तुम्हाला घ्यायला मी येईन.

कोण कोण येतंय?

लालपरी_चालक | शुक्रवार, रात्री ९:३१

सोमवारी माझी साप्ताहिक सुट्टी. येतो.

पांढरी_काठी | शुक्रवार, रात्री ९:५०

येतो. पाऊस असला तरी येतो. पाऊस असताना मोजा, तोच खरा आकडा.

निवृत्त_अभियंता | शुक्रवार, रात्री १०:१५

फोनवर कशाला. रविवारी रात्रीच्या गाडीने निघतो, सकाळी स्टँडवर असेन. तीस मीटरची फीत माझ्याकडे आहे, ती घेऊन येतो. आईंना म्हणावं, आपण मोजणीच्या वेळी नाही, दुपारी गाड्या कमी असताना त्यांच्याबरोबर एकदा चालू. मला त्यांच्या पावलांनी तो रस्ता बघायचाय.